बाजाराला गेलेली माय

रंजिताला बाहेरचं काही लागलेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या पौषात आमच्या टोलीवर, म्हणजे आमच्या वस्तीत, दुसरी चर्चाच नव्हती. पंधरा वर्षांची पोरगी, दहावीत, अभ्यासात बरी, घरातलं सगळं करणारी, आणि भर खळ्यावर आडवी झाली. मग ज्याला त्याला तिचं निदान करायचं होतं.

झालं होतं ते एवढंच. धान चुरून झालं होतं, थ्रेशर पुढच्या खळ्यावर गेला होता. रंजिताची आई नीला पोती शिवत होती आणि रंजिता पोत्याचं तोंड आवळून धरत होती. आजा यादोराव सुपात सांडलेला दाणा गोळा करत होता. शिवता शिवता नीलाच्या हातातलं दाभण मोडलं. दुसरं होतं घरात, खुंटीवरच्या निळ्या बॅगेत. खळं घराला लागूनच. नीला आत गेली, अंधारात दाभण सापडेना, म्हणून अख्खी बॅगच हातात घेऊन दारात आली.

रंजिताने वर पाहिलं आणि तिच्या हातून पोतं सुटलं. धान पायावर ओतलं गेलं. ती काही बोलायला गेली, पण श्वास वरच्या वर अडकला. छाती भात्यासारखी चालायला लागली, दोन्ही हातांची बोटं आखडून आत वळली, आणि ती गुडघ्यांवर, मग कुशीवर पडली.

शेजारची मंदाबाई धावत आली. तिने पायातली चप्पल काढून रंजिताच्या नाकाला लावली. चार बाया जमल्या, एकीने हात धरले, एकीने पाय. मंदाबाई म्हणाली, "मी सांगत होती ना नीले? पावसाच्या दिवसांत हे पोट्टी तलावाच्या पाळीवर एकटी बसत होती. लागलं तिले. चिचगडाकडं एक पुजारी आहे, तिकडं ने."

जमिनीवरून रंजिताचा आवाज आला. तुटक, पण स्वच्छ.

"चप्पल... काढा पयले. मी आयकून राहिली."

बाया हसल्या नाहीत. भूत बोलतंय असंच त्यांना वाटलं असावं.

यादोरावने सूप खाली ठेवलं. छप्पन साली तो बापासोबत दीक्षेला नागपूरला गेला होता, ही गोष्ट तो वर्षातून निदान दहादा सांगत असे. तो मंदाबाईला म्हणाला, "बाई, आमी देव सोडले. आता भूत कायले धरू?"

मंदाबाई चप्पल पायात घालून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी रंजिताचा बाप रत्नपाल तिला सायकलवर बसवून एका खाजगी डॉक्टरकडे घेऊन गेला. रत्नपाल मुळातच कमी बोलायचा आणि डॉक्टरसमोर तर त्याचं तोंड शिवल्यासारखं व्हायचं. डॉक्टरने पापणी ओढून पाहिली, रक्त कमी आहे म्हणाला आणि सलाईन लावली. रंजिता म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मले चक्कर नाई येत. जीव घाबरते. कोनी बॅग उचलली का होते." डॉक्टर रत्नपालकडे बघून म्हणाला, "दहावी आहे ना? परीक्षा का डर. लड़कियां करती हैं ऐसा." बाटली संपेपर्यंत रंजिता छताकडे पाहत पडून राहिली. शाळेत बाईंनीही तेच सांगितलं, फक्त मराठीत आणि सगळ्या वर्गासमोर.

आता बॅगेचं सांगतो, कारण ते कुणीच विचारलं नाही.

आमच्याकडे धान निघालं की हाताला काम राहत नाही. लाखोरीचं कडधान्य टाकलेलं असतं, ते आपलं आपण वाढतं. मग पौष-माघात मुकादम गाडी घेऊन येतो आणि माणसं बॅगा भरून आंध्रात मिरची तोडायला जातात. परत येईतो चैत्र उजाडतो. जवान माणसं जातात, म्हातारी आणि शाळेतली पोरं मागे राहतात. अंगावर पिणारं पोर आईसोबत जातं, मिरचीच्या शेताच्या कडेला साडीच्या झोळीत झोपतं. दूध सुटलं की त्याचंही जाणं सुटतं.

पोराला मागे ठेवून जायची एक रीत आहे, तिला आमच्या टोलीवर कोणी फसवणूक म्हणत नाही. गाडी पहाटे येते. रात्रभर पोर आईचा पदर मुठीत धरून झोपलेलं असतं. आई एक जुनं लुगडं घडी करून शेजारी ठेवते, हळूच पोराची मूठ उघडते, आपला पदर सोडवते आणि त्या जुन्या लुगड्याचं टोक मुठीत देते. वास तोच, म्हणून पोर उठत नाही. उठतं तेव्हा गाडी कुठल्या कुठे गेलेली असते. विचारलं की घरातलं म्हातारं माणूस सांगतं, माय बाजाराला गेली, येते आता. सगळं मायेपोटीच चालतं. रडणारं पोर बघवत नाही म्हणून.

रंजिता चार वर्षांची होती तेव्हा तिला पहिल्यांदा ते लुगडं मिळालं. दोन हजार साल असेल. सकाळी ती उठली, लुगडं पाहिलं, यादोरावला विचारलं. तो म्हणाला, बाजाराला गेली. ती सडकेच्या कडेला जाऊन बसली. संध्याकाळी बाजाराची माणसं परत आली, त्यांच्यात माय नव्हती. पुढच्या बाजारी ती पुन्हा बसली, त्याच्या पुढच्याही. रडली नाही. टोलीवर तिचं फार कौतुक झालं. किती शहाणी पोर, डोळ्यातून टिपूस नाही! आपल्याकडे रडत नाही ते लेकरू चांगलं. मंदाबाई तर स्वतःच्या पोरांना तिचं उदाहरण द्यायची.

माय आली तेव्हा रंजिता धावत जाऊन बिलगली. नीलाने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि पोरगी किंचाळली. दोन-अडीच महिने मिरची तोडलेले हात. कितीही धुतले, तेल-मीठ चोळलं, तरी ते झोंबायचे. त्यानंतर दर वर्षी नीला परत आली की पहिले काही दिवस हात पाठीमागे धरूनच लेकीशी बोलायची. तिला दुसरं काय सुचणार? रंजितानेही जवळ जायचं सोडून दिलं.

सहा-सात वर्षांची झाल्यावर तिने आपल्या फ्रॉकची नाडी आईच्या पदराला बांधून झोपायला सुरुवात केली. नीला ती पहाटे सोडायची. रंजिताने गाठी वाढवल्या. मग झोपच सोडली. पौष लागला की ही पोर रात्रभर डोळे मिटून जागी पडायची आणि भल्या पहाटे नेमका डोळा लागायचा. अंथरूण ओलं व्हायला लागलं. त्यावर मार बसला, पोरांनी नाव पाडलं, आणि तिने त्यांतल्या एकाच्या डोक्यात दगड घातला. चौथीत तिचं पोट दुखायचं, दुपारच्या सुट्टीत घरी पळत यायची, खुंटीवर बॅग आहे का बघायची, परत जायची. बॅग असली की पोट थांबायचं. बाराव्या वर्षी ती अगदी गुणाची झाली. स्वयंपाक, पाणी, सारवण, न सांगता. रागावणं नाही, मागणं नाही. नीलाला वाटलं, लेक सुधरली. चौदाव्या वर्षी दम लागायला लागला.

ती पंधराची झाली त्या वर्षी तिची धाकटी बहीण अलका चार वर्षांची झाली होती. आजवर ती आईसोबत आंध्रात जायची. या खेपेला मुकादम छोटेलालने सांगून ठेवलं होतं, "दूध पीता बच्चा चलेगा, दौड़ने वाला नहीं." म्हणजे अलका मागे राहणार होती.

खळ्यावरच्या त्या प्रकारानंतर आठवडाभराने रंजिता केर काढत होती. खुंटीखाली बॅग अर्धी उघडी दिसली. तिच्या छातीत पुन्हा गच्च झालं, तरी तिने भिंतीला पाठ टेकली, दम धरला आणि बॅगेत पाहिलं. आत आईच्या दोन साड्या, बापाची बनियन, आणि सगळ्यांत खाली अलकाची एक चप्पल. एकच. दुसरी अलकाच्या पायात होती. पोर एका पायात चप्पल घालून अंगणात कोंबडीच्या मागे फिरत होती.

"अलके, हे चप्पल इथं कोनं ठेवली?"

अलका थांबली. फ्रॉकचा गळा तिने तोंडात घेतला. तिचे सगळे गळे असे चावून चावून जाळी झालेले होते, हेही रंजिताला त्या क्षणी दिसलं.

"मी ठेवली."

"काऊन?"

"माय चप्पल घेऊन जाईल ना. मंग ते द्याले वापस येईल."

चार वर्षांच्या पोरीला कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही. रंजिता तिथेच केराजवळ बसली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपल्यातच काही खोट आहे. आता ती खोट पायात एक चप्पल घालून अंगणात फिरत होती, आणि तिला कुठलाही पुजारी लागला नव्हता. रंजिताला रडू नाही आलं. तिला संताप आला, आणि तो फार बरा वाटला.

दुपारी मायलेकी धानाच्या बांधीत भाजीसाठी लाखोरीचे शेंडे खुडत होत्या. धान कापून गेलेल्या बुडख्यांमधून हिरवी लाखोरी पोटरीपर्यंत आली होती. नीलाने ओटी अर्धी भरली तेव्हा रंजिता सरळ उभी राहिली.

"माय, तू अलकेले सांगून जाजो."

"काय सांगू?"

"का मी जाऊन राहिली म्हून. आंध्रात जाऊन राहिली, बाबासाहेबाच्या जयंतीले येतो म्हून."

"येडी झाली का व? लेकरू रडून रडून मरून जाईल."

"रडू दे ना."

"तू तं नाई रडली कधी," नीला म्हणाली. त्यात अजूनही थोडं कौतुक होतं.

"कोनाजवळ रडू? रडाले समोर मानूस लागते, माय. तू मले लुगडं देल्लं."

नीलाचा हात थांबला. मग ती भराभर खुडायला लागली, शेंड्यांसोबत देठं, गवत, सगळंच ओटीत येऊ लागलं.

"तुले का वाटते," ती खाली बघतच म्हणाली, "मी गाडीत मजा करत जात होती? देवरीपर्यंत तोंडात पदर कोंबून राहो मी. तुये डोळे पाहून माहा पाय उचलला नसता. आन पाय नाई उचलला तं खाल्लं काय असतं?"

"मंग ते तुयासाठी केलं. माह्यासाठी नाई."

नीलाने वर पाहिलं. पंधरा वर्षांच्या पोरीने आईला असं बोलावं का, हा प्रश्न टोलीवर कुणीही विचारला असता. नीलाने विचारला नाही. ती म्हणाली, "छोटेलाल नाई आयकत. गाडीपाशी लेकरू रडलं का तो गाडी सोडत नाई."

हेही खरं होतं. एका वर्षी एक पोर रडत गाडीमागे धावलं होतं आणि पुढे वाटेत गाडीचा टायर फुटला होता. टायर गुळगुळीत झालेला होता, पण दोष पोराच्या रडण्याला लागला. तेव्हापासून मुकादमाने पहाटेची वेळ ठरवली होती.

"मंग त्याले मी सांगतो," रंजिता म्हणाली.

"पाहू," म्हणाली नीला. आमच्याकडे पाहू म्हणजे नाही.

जायच्या दिवशी पहाटे थंडी मरणाची होती. रंजिता नेहमीप्रमाणे जागी होती, डोळे मिटून. तिने सगळं ऐकलं. बापाने चूळ भरली ते, बॅगेची चेन ओढली ते, आणि मग कपड्याची ती ओळखीची सळसळ. नीला अलकाशेजारी वाकली होती. तिच्या हातात जांभळं लुगडं होतं, जुनंच, रंजिताच्या मुठीत असायचं तेच.

रंजिताने उठून दिवा लावला.

नीला डोळ्यांवर हात धरून उभी राहिली. "बंद कर व. पाया पडतो तुया."

"अलके, ऊठ. माय जाऊन राहिली."

"रंजे!" रत्नपाल दारातून ओरडला. त्याने एवढ्या मोठ्याने बोललेलं पोरींनी कधी ऐकलं नव्हतं. तो बॅग घेऊन बाहेर निघाला आणि नीलाला त्याने जवळजवळ ओढतच नेलं. सडकेवर पिकअप उभी होती. टोलीतल्या बाया डोक्यावरून शाली घेऊन चोरपावलांनी येऊन आधीच मागे बसल्या होत्या. रत्नपाल चढला, नीलाला वर घेतलं.

रंजिता अलकाला कडेवर घेऊन गाडीच्या पुढे, दिव्यांच्या उजेडात जाऊन उभी राहिली. तिचा दम सुरू झाला होता. बोटं आखडत होती, म्हणून तिने पोरीला दोन्ही कोपरांमध्ये घट्ट आवळून धरलं.

छोटेलालने काचेतून डोकं काढलं. "ए लड़की, हट. पागल है क्या?"

"हव," रंजिता म्हणाली. श्वास घेतला. "पागल आहो. माय उतरल तवाच... गाडी जाईल."

"यादोरावजी, संभालो इसको! इसकी तबियत खराब है, पूरा गाँव जानता है."

यादोराव काठी टेकत आला होता. कानटोपी, उघडे पाय. तो नातीला बाजूला घेईल असंच सगळ्यांना वाटलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, अलकाकडे पाहिलं, आणि तो तिच्या शेजारी गाडीपुढे उभा राहिला.

"पोट्टीची तबेत खराब आहे, ते आमी केली," तो म्हणाला. "मी दर साली खोटं बोललो तिच्यासंग. उतर व नीला."

मागे बसलेल्या बाया कुरकुरल्या. एकजण म्हणाली, तमाशा आहे नुसता. नीला हलेना. मग तिने मांडीवरची बॅग रत्नपालकडे दिली आणि ती फाळक्यावरून खाली उतरली. चालत पुढे आली. दिव्यांच्या उजेडात तिचा चेहरा ओला दिसत होता. ती अलकासमोर उकिडवी बसली.

"अलके, मी आंध्रात जातो. मिर्च्या तोडाले. तुले घेऊन नाई जात. बाबासाहेबाच्या जयंतीले येतो."

अलकाने ऐकून घेतलं. मग तिने जो भोंगा पसरला! आईच्या गालाला बोचकारलं, पोटात लाथा मारल्या, कुंकवाच्या डबीपासून अंगणातल्या कोंबडीपर्यंत तिला माहीत होतं ते सगळं ओरडून देऊ केलं, आईने न जाण्याच्या बदल्यात. नीला मार खात बसून राहिली. तिने हात पाठीमागे घेतले नाहीत. या वेळी ते मिरचीला जाण्याआधीचे होते, आणि त्या हातांनी तिने पोरीला आवळून धरलं.

त्या ओरडण्याने टोली जागी झाली.

आधी मंदाबाईचं दार उघडलं. तिचा नातू डोळे चोळत बाहेर आला. मुठीत हिरव्या लुगड्याचं टोक, लुगडं मागे मातीतून फरफटत. त्याने गाडीकडे पाहिलं, गाडीत बसलेल्या आपल्या आईकडे पाहिलं आणि तोही सुरू झाला. मग पलीकडच्या घरातून दोघी बहिणी आल्या. मग विहिरीकडून एक, सडकेपलीकडून एक. ज्याच्या त्याच्या हातात लुगडं. लाल, पिवळं, विटलेलं. गाडीभोवती पोरं आणि लुगडी, आणि असा गलका की रस्त्यावरची कुत्री लांब जाऊन बसली.

मघाशी तमाशा म्हणणारी बाई सगळ्यांत आधी खाली उतरली. मग सगळ्याच उतरल्या.

छोटेलालने हॉर्न वाजवला, कोणी ऐकला नाही. त्याने शेवटी इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली. "अब तो गया पूरा दिन," तो कुणालाच न उद्देशून म्हणाला.

गाडी निघाली तेव्हा ऊन पार बांधीत उतरलं होतं. निघण्याआधी नीला रंजिताजवळ आली. लेक आता तिच्या खांद्याच्या वर गेलेली. नीला म्हणाली, "रंजे, तुले बी सांगतो. मी जाऊन राहिली."

रंजिताने जांभळं लुगडं आईच्या हातात दिलं. "हे तूच घेऊन जा," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा वाकडा झाला. पंधरा वर्षांची घोडी, दहावीतली, भर सडकेवर, मंदाबाईसकट सगळ्या टोलीसमोर, ती मोठ्याने रडली. नाक गळेपर्यंत रडली. कोणीतरी म्हणालं, बघा, पुन्हा लागलं. तिने त्या दिशेने बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतरही त्या वर्षी तिला दम लागला, परीक्षेच्या पहिल्या पेपरला तर चांगलाच. इतक्या वर्षांचं एका सकाळीत जात नसतं. पण त्या दिवशी दुपारी ती ओसरीवरच्या खाटेवर पडली आणि ऊन अंगावर येईपर्यंत झोपली. यादोराव येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करून हळू बोलायला सांगत बसला होता.

संध्याकाळी चुलीजवळ अलकाने विचारलं, "आजा, माय कोठं गेली?"

तिला माहीत होतं. तरी विचारलं. यादोरावने सवयीने तोंड उघडलं, बाजाराचं नाव पार ओठापर्यंत आलं. रंजिता तांदूळ धुता धुता थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"आंध्रात," म्हातारा म्हणाला. "मिर्च्या तोडाले. जयंतीले येते."

अलकाचा ओठ थरथरला.

"रड," रंजिता म्हणाली, आणि तिला मांडीवर ओढून घेतलं. "पाह्यजे तेवढी रड. आमी हावो इथं."